परतणारा प्रवाह : टेट्रोड नलिकेच्या स्क्रीन-दाबाचा इतिहास

निर्वात नलिकांचा, म्हणजे जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांतल्या भाषेत व्हॉल्व्हचा, इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा संशोधकांच्या नावांवरून पुढे सरकतात. आधी दोन अग्रांची नलिका झाली, मग तिच्यात एक ग्रिड आली, पुढे दुसरी आणि तिसरी आली, आणि अखेरीस ट्रान्झिस्टरने सगळ्यांना निवृत्त केले, अशी ती मांडणी असते. नलिका प्रत्यक्ष चालवणाऱ्यांपुढे रोज उभे राहणारे प्रश्न या मांडणीत सहसा येत नाहीत. रेडिओ प्रेषकाच्या अखेरच्या टप्प्यातील शक्तिविवर्धकात, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, वापरल्या जाणाऱ्या टेट्रोड नलिकेच्या स्क्रीन ग्रिडवरचा विद्युतदाब स्थिर कसा राखावा, हा त्यांपैकी एक प्रश्न होय. टेट्रोड वापरात आल्यानंतरची जवळजवळ वीस वर्षे तो कोणाला फारसा जाणवला नाही. आवाज पाठवण्याची पद्धत बदलली तेव्हा तो एकाएकी महत्त्वाचा ठरला. त्याच्या उत्तरातला अवघड भाग मात्र ज्या भौतिक घटनेतून येतो, ती १९१८ सालीच तपशीलाने अभ्यासली गेली होती.

जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये तापलेला कॅथोड आणि त्याच्यासमोरची धनभारित प्लेट अशी दोन अग्रांची नलिका सिद्ध केली आणि ली डी फॉरेस्ट यांनी त्यानंतर दोनतीन वर्षांतच या दोहोंच्या मध्ये तारेची जाळी, म्हणजे ग्रिड, बसवली. या जाळीवरच्या क्षीण संकेताने प्लेटकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह कमीजास्त करता येत असल्याने विवर्धन शक्य झाले. परंतु ग्रिड आणि प्लेट हे जवळजवळ असलेले दोन धातूचे भाग असल्याने त्यांच्यात काही पिकोफॅरडची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, आपोआपच तयार होत असे. कमी वारंवारतेला तिचा उपद्रव नव्हता. रेडिओच्या उच्च वारंवारतेला मात्र प्लेटवरचा वाढलेला संकेत याच वाटेने ग्रिडवर परत येई आणि विवर्धक स्वतःच आंदोलने करू लागे. लुई हेझेल्टाइन यांच्या न्यूट्रोडाइन मंडलाने १९२० च्या दशकात उलट्या दिशेचा संकेत मुद्दाम परत देऊन हा दोष झाकला, पण तो नाहीसा केला नाही.

दोष मुळातून काढण्याचा मार्ग म्हणजे दोन भागांच्या मध्ये आडोसा उभा करणे. जर्मनीत सीमेन्समध्ये काम करणाऱ्या वॉल्टर शॉट्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात नलिकेत दुसरी जाळी बसवली होती. मात्र प्लेटच्या दाबातील चढउतारांचा इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहावर होणारा परिणाम कमी करून अधिक विवर्धन मिळवणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. उच्च वारंवारतेच्या दृष्टीने या जाळीचे खरे मोल १९२६ च्या सुमारास ओळखले गेले. अमेरिकेत स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हल यांनी, आणि ब्रिटनमध्ये मार्कोनी कंपनीच्या एच. जे. राउंड यांनी, नियंत्रण ग्रिड आणि प्लेट यांच्यात पूर्ण आडोसा होईल अशा नलिका बनवल्या. राउंड यांची एस-६२५ ही १९२७ ची नलिका लांबट असून तिच्या दोन्ही टोकांना जोडण्या होत्या. संचातील धातूच्या आडव्या पत्र्याला भोक पाडून ती त्यातून अशी बसवावी लागे, की नलिकेतील जाळी आणि बाहेरचा पत्रा मिळून एकच सलग भिंत होईल. त्याच वर्षी अमेरिकेत यूएक्स-२२२ बाजारात आली. ग्रिड आणि प्लेट यांच्यातील धारिता काही पिकोफॅरडवरून पिकोफॅरडच्या शतांश भागांपर्यंत उतरली.

हा आडोसा, म्हणजेच स्क्रीन ग्रिड, संकेताच्या दृष्टीने जमिनीला जोडलेला असला, तरी स्थिर विद्युतदाबाच्या दृष्टीने तो जमिनीवर नसतो. इलेक्ट्रॉनांना कॅथोडपासून ओढून प्लेटपर्यंत न्यायचे, तर स्क्रीन ग्रिडवर बराच धन दाब ठेवावा लागतो, आणि टेट्रोडचा सारा स्वभाव येथेच ठरतो. एकच ग्रिड असलेल्या ट्रायोडमध्ये प्रवाह किती वाहील हे प्लेटचा दाब आणि ग्रिडचा दाब मिळून ठरवतात. दोन ग्रिडच्या टेट्रोडमध्ये प्लेट बहुतांशी आडोशामागे गेलेली असल्याने तिची जागा स्क्रीन घेते. चाइल्ड आणि लँगम्युर यांनी १९११ ते १९१३ या काळात मांडलेल्या नियमानुसार असा प्रवाह दाबाच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे स्क्रीनचा दाब एक टक्का घसरला तर प्रवाह सुमारे दीड टक्का घसरतो. प्लेटचा दाब शंभर व्होल्टने हलला तरी टेट्रोडला त्याचे फारसे काही वाटत नाही; स्क्रीनचा दाब वीस व्होल्टने हलला तर तिचे सगळे गणित बदलते.

दुसरी गोष्ट अधिक गूढ आहे. वेगाने येणारा इलेक्ट्रॉन धातूवर आदळला, की त्या धातूतून एक किंवा अनेक नवे इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. या घटनेला दुय्यम उत्सर्जन म्हणतात. प्लेटचा दाब स्क्रीनच्या दाबाहून कमी असेल, तर प्लेटमधून सुटलेले हे इलेक्ट्रॉन स्क्रीनकडे ओढले जातात आणि दाब वाढवूनही प्लेटचा प्रवाह कमी होत जाणारा एक विचित्र पट्टा तयार होतो. हल यांनी १९१८ मध्ये याच घटनेवर आधारलेली डायनाट्रॉन नावाची नलिका वर्णिली होती, आणि आठ वर्षांनी ज्या टेट्रोडला या घटनेचा सर्वाधिक त्रास झाला ती घडवण्यातही त्यांचाच हात होता. फिलिप्सच्या बर्नार्ड टेलेगेन आणि गिलेस होल्स्ट यांनी १९२६ मध्ये तिसरी ग्रिड घालून पेंटोड बनवला आणि प्लेटमधील दुय्यम इलेक्ट्रॉनांना परत हाकलले. दहा वर्षांनी आलेल्या आरसीएच्या ६एल६ सारख्या बीम टेट्रोडमध्ये दोन्ही ग्रिडच्या तारा एकमेकींच्या छायेत बसवून इलेक्ट्रॉनांचे दाट पट्टे बनवण्यात आले आणि तिसऱ्या ग्रिडशिवाय तेच काम साधले. या सगळ्या उपायांनी प्लेटमधून होणारे उत्सर्जन आवरले. स्क्रीन ग्रिडच्या स्वतःच्या तारांमधून होणारे उत्सर्जन मात्र उरलेच, आणि पुढच्या सगळ्या अडचणीचे मूळ तेच आहे.

१९३० आणि १९४० च्या दशकांत या अडचणीची जाणीव न होण्याचे कारण त्या काळच्या प्रेषकांच्या कार्यपद्धतीत सापडते. मोर्स संकेत पाठवणारे किंवा वाहक लहरीची उंची आवाजानुसार बदलणारे प्रेषक ‘सी’ वर्गात चालत. म्हणजे नलिका आवर्तनाच्या थोड्या भागातच वाहत असे आणि संकेताचा आकार जसाच्या तसा राखण्याची जबाबदारी तिच्यावर नसे. ६एल६ चीच प्रेषकासाठी घडवलेली भावंड असलेली ८०७, किंवा तिच्याहून मोठी ८१३, यांच्या स्क्रीनला प्लेटच्याच पुरवठ्यातून एका रेझिस्टरमार्फत दाब दिला जाई. या साध्या जोडणीत एक मोठा गुण होता. स्क्रीन जास्त प्रवाह खाऊ लागली, की रेझिस्टरवर जास्त दाब पडे, स्क्रीनचा दाब आपोआप उतरे आणि नलिका स्वतःचेच रक्षण करी. आवाजाच्या प्रेषणात तर स्क्रीनचा दाब प्लेटच्या दाबाबरोबर हलणे इष्टच असे. महायुद्धानंतर अधिशेष म्हणून स्वस्तात विकल्या गेलेल्या ८०७ नलिकांवर हौशी रेडिओ चालकांची, म्हणजे हॅमची, एक सबंध पिढी या रेझिस्टरच्या भरवशावर वाढली. भारतातील हौशी चालकांच्या घरगुती बनावटीच्या प्रेषकांतही ८०७ दीर्घकाळ टिकून राहिली, कारण येथील परवान्यांची शक्तिमर्यादा एक किलोवॉटच्या बरीच खाली होती आणि त्याहून मोठ्या नलिकेची गरजच पडत नसे.

त्याच काळातील एका जोडणीकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते. मोर्स कळ सोडली की ग्रिडला मिळणारा संकेत थांबे, त्याबरोबर ग्रिडचा ऋण दाब जाई आणि नलिका बेफाम वाहू लागे. हे टाळण्यासाठी ६वाय६ सारखी एक छोटी नलिका स्क्रीन आणि जमीन यांच्यामध्ये जोडली जाई. संकेत थांबताच ती वाहू लागे, रेझिस्टरमधून येणारा प्रवाह स्वतःकडे वळवी आणि स्क्रीनचा दाब खाली ओढून धरी. तिला क्लॅम्प नलिका म्हणत. ती नियामक, म्हणजे दाब स्थिर धरणारे साधन, नव्हती. परंतु स्क्रीनच्या समांतर उभी राहून प्रवाह पिण्याची तिची रीत पुढे जी योग्य ठरली तीच होती.

परिस्थिती पालटली ती सिंगल साइडबँड पद्धतीमुळे. जॉन कार्सन यांनी १९१५ मध्ये दाखवले होते, की आवाज वाहून नेणाऱ्या संकेतातील मधली वाहक लहर आणि तिच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांपैकी एक पट्टा गाळून टाकला, तरी आवाजातील माहितीची काहीच हानी होत नाही. १९२७ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात सुरू झालेली रेडिओ दूरध्वनी सेवा याच तत्त्वावर चालली. हौशी चालकांत ही पद्धत १९४७ नंतर पसरू लागली आणि १९५५ च्या सुमारास आयोवा राज्यातील कॉलिन्स कंपनीने केडब्ल्यूएस-१ हा प्रेषक विकायला काढला. त्याच्या अखेरच्या टप्प्यात दोन ४एक्स१५०ए टेट्रोड होत्या. १९५६ मध्ये अमेरिकन हवाई दलाने विमानांतून केलेल्या चाचण्यांनंतर तर दूर पल्ल्याच्या लष्करी दळणवळणातही ही पद्धत रुजली.

या पद्धतीत आवाज आधीच तयार करून मग तो वाढवावा लागतो, त्यामुळे विवर्धकाने संकेताचा आकार तंतोतंत राखणे बंधनकारक होते. बोलणारा थांबला की संकेत शून्यावर येतो आणि एखाद्या जोरकस अक्षराला तो शिखर गाठतो. स्क्रीनचा प्रवाहही याच लयीत शून्याजवळून काही दशक मिलिअँपिअरपर्यंत उसळतो. जुना रेझिस्टर येथे घात करतो, कारण नेमक्या शिखराच्या क्षणी स्क्रीनचा दाब घसरतो आणि आवाजाचा माथा चपटा होतो. ४सीएक्स२५०बी या नलिकेत स्क्रीनचा प्रभाव नियंत्रण ग्रिडच्या सुमारे एक पंचमांश असतो. म्हणून स्क्रीनवर वीस व्होल्टची घसरण म्हणजे नियंत्रण ग्रिडवर चार व्होल्ट ऋण दाब वाढवल्यासारखे होते, आणि तिथे एरवी ठेवलेला एकूण ऋण दाबच सुमारे पंचावन्न व्होल्ट असतो. चपट्या झालेल्या माथ्यातून नव्या, नको असलेल्या वारंवारता जन्म घेतात आणि शेजारच्या वारंवारतेवर बोलणाऱ्यांच्या कानांत खरखर ओततात. स्वतःचा आवाज स्वतःला ठीकच ऐकू येत असल्याने दोष कळतो तो इतरांना, आणि म्हणूनच स्क्रीनचे नियमन ही वैयक्तिक सोय न राहता शेजारधर्माची बाब झाली.

ज्या नलिकांनी हा प्रश्न सर्वाधिक तीव्र केला त्या कॅलिफोर्नियातील आयमॅक कंपनीच्या होत. विल्यम आयटेल आणि जॅक मकलो या दोन हौशी रेडिओ चालकांनी १९३४ मध्ये सॅन ब्रुनो येथे ती स्थापन केली. महायुद्धानंतरच्या काळात आलेली ४एक्स१५०ए आणि तिच्याच कुळातील चिनी मातीच्या कवचाची ४सीएक्स२५०बी या मुठीत मावणाऱ्या नलिका आहेत. ४सीएक्स२५०बीच्या बाहेरच्या अंगाला पाती लावलेली प्लेट जोराच्या हवेच्या झोताने थंड ठेवली, तर ती दोन हजार व्होल्टवर पाव अँपिअर प्रवाह सहज वाहते. मात्र तिच्या स्क्रीनची उष्णता सोसण्याची मर्यादा अवघी बारा वॉट आहे. साडेतीनशे व्होल्ट दाबाला हे प्रमाण पस्तीस मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाहाचे होते.

या नलिकेच्या स्क्रीनशी जोडलेल्या मीटरचे वर्तन पाहिले, की अडचण स्पष्ट होते. आकाशतारेकडे शक्ती नीट जात नसेल, तर प्लेटचा दाब प्रत्येक आवर्तनात फार खाली उतरतो, इलेक्ट्रॉन प्लेटऐवजी स्क्रीनकडे वळतात आणि काटा उजवीकडे धावतो. जोडणी घट्ट केली की काटा परत येतो, शून्यावर पोचतो आणि पुष्कळदा शून्याच्याही डावीकडे जातो. मीटर बिघडलेला नसतो. स्क्रीनच्या तारांवर आदळणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एकाहून जास्त दुय्यम इलेक्ट्रॉन सुटून अधिक धन असलेल्या प्लेटकडे निघून जातात, म्हणून स्क्रीनचा प्रवाह उलट दिशेने, पुरवठ्याकडे, परत येऊ लागतो. या परतणाऱ्या प्रवाहाला वाट मिळाली नाही तर स्क्रीनचा दाब चढतो, चढलेल्या दाबाने इलेक्ट्रॉनांचा ओघ आणखी वाढतो, त्यातून आणखी दुय्यम इलेक्ट्रॉन सुटतात आणि काही क्षणांत नलिका हाताबाहेर जाते.

पहिले उपलब्ध उत्तर वायुभरित नलिकांचे होते. कमी दाबाच्या वायूतून विद्युतप्रवाह दीप्तिमान होऊन वाहू लागला, की प्रवाह बराच बदलला तरी नलिकेवरचा दाब जवळजवळ तोच राहतो. व्हीआर-१०५ आणि व्हीआर-१५० ही त्यांची नावेच त्यांचा दाब सांगत आणि पाच ते चाळीस मिलिअँपिअरच्या दरम्यान त्या आपले काम चोख बजावत. एक व्हीआर-१५० आणि दोन व्हीआर-१०५ एकामागोमाग जोडल्या की ३६० व्होल्ट मिळत. प्रवाह उलट आला तरी त्या तो पोटात घेत, कारण त्या स्क्रीनच्या समांतर उभ्या असत. त्यांचे मुख्य दोष दोन होते. पेटण्यासाठी त्यांना चालू दाबाहून अधिक दाब लागे, व्हीआर-१५० ला सुमारे १८५ व्होल्ट. आणि स्क्रीनने फार प्रवाह ओढला की साखळी विझून दाब मोकाट सुटे. शिवाय त्यांच्यावर मोठा कपॅसिटर लावला तर त्या पेटत-विझत राहून स्वतःच आंदोलने करीत, त्यामुळे मर्यादा एक दशांश मायक्रोफॅरडची होती. तरीही जांभळट उजेडात तेवणारी व्हीआर-१५० ही त्या काळच्या चालकाला न बोलता खबर देत असे; ती विझली की काहीतरी चुकले आहे हे मीटर न पाहता समजे.

एकसर नियामक, ज्यात पुरवठा आणि स्क्रीन यांच्या मधोमध एक नलिका किंवा पुढे ट्रान्झिस्टर बसवून जास्तीचा दाब तिच्यावर पाडला जातो, हा अभियंत्यांना अधिक शास्त्रशुद्ध वाटला, कारण त्यात शक्ती कमी वाया जाते आणि दाब फार काटेकोर राहतो. अन्य बहुतेक उपकरणांत तो योग्यच आहे. टेट्रोडच्या बाबतीत मात्र तो एकदिशीय ठरतो. प्रवाह देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. त्यामुळे आयमॅकच्या माहितीपत्रकांनी अशा नियामकाला पुरेशा ब्लीडरची, म्हणजे स्क्रीनपासून कॅथोडपर्यंत सतत प्रवाह गळू देणाऱ्या रेझिस्टरची, अट घातली आणि ४सीएक्स२५०बी साठी दर नलिकेमागे सुमारे पंधरा मिलिअँपिअर हे प्रमाण सांगितले. या रेझिस्टरमधून गळणारी सुमारे पाच वॉट उष्णता ज्यांना उधळपट्टी वाटली आणि ज्यांनी तो काढून टाकला, त्यांनी फार महाग नलिका गमावल्या.

समांतर नियामक हेच या प्रश्नाचे खरे उत्तर होते, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे. त्यात ५०० व्होल्टच्या साध्या पुरवठ्यातून, समजा, तीन हजार ओहमच्या रेझिस्टरमार्फत प्रवाह येतो आणि स्क्रीनच्या समांतर असलेले नियामक साडेतीनशे व्होल्टवरचा सर्व जास्तीचा प्रवाह पिऊन टाकते. धरणाचा सांडवा पाण्याची पातळी जशी राखतो तसे. रेझिस्टरमधून नेहमी पन्नास मिलिअँपिअरच येतात. दोन नलिकांच्या स्क्रीननी मिळून तीस घेतले तर नियामकाकडे वीस उरतात, आणि स्क्रीननी उलट दहा परत पाठवले तर नियामक साठ घेते. दाब दोन्ही वेळा तोच राहतो. स्क्रीन पन्नासाहून अधिक मागू लागली तर नियामक कोरडे पडते आणि दाब आपोआप उतरतो, म्हणजे जुन्या रेझिस्टरचे आत्मरक्षण परत मिळते. हे संरक्षण किती नेमके आहे हे आकड्यांतून दिसते. या पुरवठ्यातून स्क्रीनकडे जास्तीत जास्त किती शक्ती जाऊ शकेल हे काढले तर उत्तर २१ वॉटच्या आत येते, आणि दोन नलिकांच्या स्क्रीनची एकत्रित मर्यादा २४ वॉट आहे. प्लेटचा पुरवठा अचानक तुटून सारा भार स्क्रीनवर आला, आणि तो दोघींत सारखा वाटला गेला, तरी त्या जळत नाहीत. संकेत नसतानाही नियामकातच सतत साडेसतरा वॉट जाळणाऱ्या या जोडणीला अकार्यक्षम ठरवणारे मत म्हणूनच स्वीकारता येत नाही.

नियामकाचे साहित्य पुढे बदलत गेले. क्लॅरन्स झेनर यांनी १९३४ मध्ये अभ्यासलेल्या विद्युत-भंगाच्या घटनेवरून नाव मिळालेले झेनर डायोड १९५० च्या दशकापासून मिळू लागले आणि त्यांची साखळी वायुनलिकांच्या जागी आली. तिला पेटवावे लागत नाही, परंतु तापल्यावर तिचा दाब सरकतो. त्यानंतर दूरचित्रवाणी संचांसाठी बनवलेले उच्च दाबाचे ट्रान्झिस्टर आणि अखेरीस मॉसफेट यांनी समांतर नियामक स्वस्त आणि काटेकोर केला.

पुष्कळांनी मात्र प्रश्न सोडवण्याऐवजी टाळला. आयमॅकनेच १९६० च्या दशकात काढलेल्या ३-४००झेड आणि ३-५००झेड या ट्रायोडना स्क्रीनच नव्हती आणि ग्रिड थेट जमिनीला जोडून त्या चालत. घरगुती किलोवॉट विवर्धकांचा बाजार त्यांनी काबीज केला. टेट्रोड टिकली ती मीटरभर किंवा त्याहून लहान लहरींच्या क्षेत्रात, जिथे १९७२ मध्ये हौशी चालकांच्या क्यूएसटी मासिकात आलेला ४३२ मेगाहर्ट्झचा दोन ४सीएक्स२५० नलिकांचा विवर्धक चंद्रावरून संकेत परावर्तित करू पाहणाऱ्यांनी जगभर बांधला. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या जीयू-७४बी सारख्या टेट्रोड स्वस्तात बाहेर आल्या आणि बल्गेरियातील ॲकॉमसारख्या कंपन्यांनी त्यांच्यावर नवे विवर्धक उभारले, तेव्हा परतणाऱ्या प्रवाहाचा जुना धडा नव्या पिढीला पुन्हा गिरवावा लागला.

असे जुने विवर्धक आजही हातोहात विकले जातात. त्यांतील ब्लीडर रेझिस्टर चार-पाच दशके तापत राहिलेला असतो आणि तो आतून तुटला तरी बाहेरून शाबूत दिसतो. संकेत नसताना सर्व मीटरही बरोबर दाखवतात. ज्यांच्या हाती असा संच येईल त्यांनी वीज तोडून, कपॅसिटर रिकामे करून, आधी त्या एका रेझिस्टरचे मोजमाप घ्यावे आणि मगच प्लेटचा दाब चढवावा.